इम्बर : गाव उठले, चर्च राहिले

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात सॉल्सबरी प्लेन नावाचे विस्तीर्ण माळरान आहे. खडूचा दगड, वर पातळ माती आणि गवत. त्या माळाच्या पोटात इम्बर हे एकाकी खेडे वसले होते. १८५१ च्या शिरगणतीत तेथे ४४० माणसे होती. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती जेमतेम दीडशेवर आली.

१ नोव्हेंबर १९४३ रोजी गावकऱ्यांना शाळेत बोलावून ४७ दिवसांत गाव रिकामे करण्यास सांगण्यात आले. युरोपवरील स्वारीच्या तयारीसाठी अमेरिकन सैन्याला सरावाची जागा हवी होती. युद्धानंतर परतू, या समजुतीने माणसे निघाली, आणि तसे वचन मिळाले होते असे ती पुढे सांगत राहिली. परंतु सैन्यखात्याने जवळजवळ सारी जमीन युद्धापूर्वीच विकत घेतली होती. शेतीला वाईट दिवस आले होते, तेव्हा मालकांना तो भाव गोडच लागला असणार! घर पिढीजात, पण कागदावर राहणारा भाडेकरी. गाव हरले ते येथे. १९६१ साली दोन हजारांवर माणसे निषेधासाठी इम्बरमध्ये शिरली, चौकशीही झाली. निकाल सैन्याच्या बाजूने लागला.

विकले गेले नव्हते ते तेराव्या शतकातील सेंट जाइल्सचे चर्च. म्हणूनच ते वाचले. भोवतीची घरे सरावात ढासळली, त्यांच्या जागी सत्तरीच्या दशकात सरावासाठीच पोकळ घरे उभी राहिली. चर्च मात्र कुंपणाआड सुरक्षित राहिले. त्याच्या मनोऱ्यातील भिंतीवर १६९२ साली रंगवलेला घंटानादाचा तक्ता आहे. इंग्रजी पद्धतीत घंटांवर गाणे वाजवीत नाहीत. कोणत्या घंटेने कोणत्या घंटेमागून वाजायचे, तो क्रम फेरीगणिक बदलत नेतात. प्रत्येक दोरीला एक माणूस लागतो. क्रम भिंतीवर शाबूत आहे. दोरी धरणारे गावात कोणी नाही.

२००५ पासून जुन्या चर्चांचे जतन करणारी एक संस्था ही वास्तू सांभाळते. १ सप्टेंबर हा सेंट जाइल्सचा दिवस; त्याच्या जवळच्या शनिवारी येथे वार्षिक प्रार्थना होते. २००९ पासून ऑगस्टमधील एका दिवशी लंडनच्या जुन्या लाल दुमजली बसही तेथवर धावू लागल्या.

गावचा लोहार मात्र फार थांबला नाही. गाव सोडल्यावर काही आठवड्यांतच तो वारला, आणि त्याला चर्चच्या आवारात आणून पुरण्यात आले.