पाव इंचाचा हिशेब

(मंडळाच्या शिवणवर्गाच्या प्रारंभी विद्यार्थिनींसमोर दिलेले व्याख्यान)



बँकेतल्या कारकुनाला शिवणवर्गात बोलायला का बोलावले, असा प्रश्न आपणांस पडला असेल. कला शाखेची पदवी आणि खात्यांचे रोजचे काम, एवढीच आमची शिदोरी. परंतु आमचे शिक्षण आईने शिवणयंत्रावर मिळविलेल्या पैशांतून झाले. आणि आज मशीनसाठी कर्ज मागायला येणाऱ्या भगिनींचे अर्ज आमच्या टेबलावर येतात. म्हणून दोन शब्द.

आमचे बालपण यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. आई कापूस वेचायला जात असे. १९९० च्या सुमारास शासकीय योजनेच्या कर्जातून घरी पायाने चालवायचे मशीन आले. आईला सरळ टीप मारता येई, पण कटिंग येत नव्हते. शेजारच्या काकूंनी लेकीच्या लग्नासाठी घेतलेले पोलक्याचे कापड विश्वासाने दिले. आईने अंदाजाने कापले. मुंढा खोल गेला आणि कापड वाया गेले. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, तेच आईला अधिक लागले. वेचणीच्या मजुरीतून तिने कापड भरून दिले. पुढे जवळजवळ वर्षभर त्या मशीनवर जुनी चादर पडून होती. हप्ते मात्र चुकत नव्हते.

शेवटी तालुक्याच्या बाजारातील एका वृद्ध शिंपीकाकांकडे ती गेली. त्यांनी तिला महिनाभर मशीनला हात लावू दिला नाही. जुनी वर्तमानपत्रे दिली आणि म्हणाले, "बाई, आधी कागद काप. कागद चुकला तर रद्दी जाते, कापड चुकलं तर माणूस जाते." त्यानंतर ती चादर मशीनवर पुन्हा पडली नाही.

आमचे सांगणे एवढेच आहे: मशीन चालविता येणे म्हणजे शिवण येणे नव्हे. शिवण मापात आणि कापण्यात आहे.

आपल्या परंपरेलाही हे नवे नाही. विनयपिटकात कथा आहे की, मगध देशातील धुऱ्यांनी आखलेली शेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदांना विचारले, भिक्खूंची चीवरे अशी बेतता येतील काय? आनंदांनी तसे चीवर कापून, जोडून दाखविले. आजही चीवर त्याच शेतांच्या आखणीवर, तुकडे जोडून शिवतात. म्हणजे बेतणे हे तेव्हाही बुद्धीचेच काम मानले गेले. आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना जुन्या धर्तीचे लुगडे नेसणे सोडून नीटनेटके, घोट्यापर्यंत लुगडे नेसण्यास सांगितले. कपडा भारी असो की साधा, तो कसा अंगावर येतो यात माणसाचा स्वाभिमान दिसतो, हे त्यांनी ओळखले होते. दुसऱ्याचा कपडा शिवणारीने हे विसरू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कापसाच्या जिल्ह्यात राहूनही आपल्यापैकी कित्येकांनी कापड नीट निरखून पाहिलेले नसते. कापडात काठाला समांतर जाणारा तो उभा धागा आणि काठापासून काठापर्यंत जाणारा तो आडवा धागा. उभा धागा कमी ताणतो, म्हणून कपड्याची उंची सहसा उभ्या धाग्यात घ्यावी. तिरपे कापले म्हणजे उरेब. उरेब कापड ताणले जाते, म्हणून गळ्याच्या गोलाईला उरेब पट्टी चपखल बसते. पण सगळा कपडाच चुकून उरेब कापला गेला, तर दोन धुण्यांत वेडावाकडा होतो. दुसरे, सुती कापड आटते. कोरे सुती कापड पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापावे. नाहीतर पहिल्या धुण्यानंतर गिऱ्हाईक दारात उभे राहते.

साहित्य थोडेच लागते: साठ इंची टेप, पट्टी, खडू, टाचण्या, सुया आणि कात्री. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये, तिची धार जाते. कागदासाठी जुनी कात्री वेगळी ठेवावी. साध्या सुती कापडाला मशीनची चौदा नंबरची सुई चालते, जाड कापडाला सोळा, तलम कापडाला अकरा. टीप वरून घट्ट आणि खालून सैल येत असेल, तर मशीनला दोष देण्यापूर्वी वरचा दोरा नीट ओवला आहे का आणि बॉबिन बरोबर बसली आहे का, हे पाहावे.

क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम हातशिलाई: धावदोरा, टीप, हेम, काजे-बटणे. मग मशीनवर दोरा न ओवता आखलेल्या कागदावर सुई चालविणे. त्यानंतर पिशवी, उशीचा अभ्रा, झबले, परकर. पोलके शेवटी. प्रत्येक नवा नमुना आधी कागदावर, मग स्वस्त मांजरपाटावर आणि त्यानंतरच गिऱ्हाइकाच्या कापडावर.

सहा कळ्यांच्या परकराचे उदाहरण घेऊ. कंबर ३० इंच. नाडीने आवळायला ६ इंच सैल, म्हणजे ३६. सहा कळ्यांत वाटले की प्रत्येकी ६ इंच. दोन्ही बाजूंना शिलाईसाठी अर्धा-अर्धा इंच धरला, म्हणजे कळी वरून ७ इंच. खालचा घेर ७२ इंच हवा, तर ७२ भागिले ६ म्हणजे १२, अधिक १, म्हणजे १३ इंच. तयार उंची ३६ हवी असेल तर नेफ्याला दीड आणि खालच्या हेमला दीड धरून ३९ इंच कापावे.

आता खरा मुद्दा. या परकरात सहा शिवणी आहेत आणि प्रत्येक शिवणीत दोन कडा, म्हणजे बारा कडा. प्रत्येक कडेला अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंच दाबले, तर चूक केवळ पाव इंचाची. पण बारा पाव म्हणजे तीन इंच! छत्तीसचा परकर तेहतीसचा झाला. आम्ही बँकेत असेच पाहतो. दिवसाअखेर हिशेब जुळत नाही तेव्हा चूक सहसा मोठी नसते. लहानशी चूक वेळीच पाहिलेली नसते. म्हणून पहिली शिवण मारल्याबरोबर टेप लावा. टीप उसवता येते, कापलेले जोडता येत नाही.

माप नीट न बसल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे अलीकडेच दिसले. २०२४-२५ या वर्षी राज्य शासनाने शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील गणवेशाची शिलाई महिला बचत गटांकडे सोपविली. अनेक ठिकाणांहून मापे न बसल्याच्या तक्रारी आल्या आणि पुढच्या वर्षी गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. त्यात शिवणाऱ्या भगिनींचाच दोष होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु हातचे काम गेले, हे खरे.

शेवटी कर्जाविषयी. १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, साहित्यासाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाखापर्यंत, ते नीट फेडल्यास पुढे २ लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची मांडणी आहे. मात्र ही योजना आधीपासून हाताने हा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. म्हणून घाई करू नका. सहा महिने वर्गातल्या मशीनवर शिका, शेजारणीचे दोन-चार परकर शिवा, आलेल्या पैशांची वही ठेवा आणि मग ती वही घेऊन बँकेत या. त्या वहीचे वजन कोणत्याही शिफारसपत्रापेक्षा अधिक असते.

आमच्या आईची टेप आजही घरी आहे. वापरून तिच्यावरचे पहिले चार आकडे पुसले गेले आहेत. अशी टेप तुम्हां प्रत्येकीच्या घरी असावी, एवढीच सदिच्छा व्यक्त करतो आणि आमचे दोन शब्द संपवितो.

जय भीम!