व्यासांची अट

महाभारताच्या लेखनाची कथा सर्वश्रुत आहे. मध्ये थांबावे लागणार नसेल तरच लेखणी हाती धरीन, अशी अट गणपतीने घातली. तेव्हा अर्थ उमगल्यावाचून अक्षर लिहू नये, अशी उलट अट व्यासांनी घातली. आज टॅब्लेटच्या काचेवर जो नवा लेखनिक हजर झाला आहे, तो पहिली अट बव्हंशी पाळतो. दुसरी त्याच्या आवाक्याबाहेरची आहे.

हा लेखनिक एका दिवसात घडला नाही. १९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या 'ऑड्री' यंत्रास केवळ अंक ओळखता येत, तेही परिचित आवाजातले. १९६२ साली सिअ‍ॅटलच्या जागतिक प्रदर्शनात आयबीएमने मांडलेल्या यंत्रास १६ शब्द कळत. पुढे या विद्येत मूळचे आंध्रातील राज रेड्डी यांनी मोलाची भर घातली. २०१७ साली गूगलच्या कळफलकात मराठी श्रुतलेखनाची सोय झाली.

कळफलकावरील ध्वनिग्राहकाच्या चिन्हास स्पर्श करून बोलू लागले की यंत्र आवाजाचे सूक्ष्म तुकडे करते. कोणत्या ध्वनीचा कोणता शब्द होतो आणि कोणत्या शब्दामागून कोणता शब्द बहुधा येतो, हे त्याने पूर्वी पुरविलेल्या अफाट नमुन्यांवरून ताडलेले असते. म्हणजे ते अदमास बांधते. 'दिन' आणि 'दीन' यांचा उच्चार बोलताना बहुधा सारखाच होतो. तेथे निवाडा आजूबाजूच्या शब्दांवरून होतो, आणि तो कधी चुकतोही.

तरीही ही सोय थोर आहे. ज्यांची बोटे थरथरतात, ज्यांना बारीक अक्षरे दिसत नाहीत, त्यांना पत्रासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. बडोद्याच्या वा हैदराबादच्या घरात मराठी बोलणाऱ्या, परंतु लिहिण्याचा सराव नसलेल्या मुलामुलींनाही घरची भाषा कागदावर आणता येते.

मात्र धोकाही याच घरांना अधिक. बेळगावकडचे 'काय करालाय?', इंदूरच्या मराठीतील हिंदी वळणे, हे सारे यंत्राच्या कानी क्वचितच पडलेले. अनोळखी शब्द आला की ते जवळचा ओळखीचा शब्द बसविते. तो तसाच राहू दिला, तर आजीच्या पत्रातून आजीचाच शब्द नाहीसा होतो, आणि नातवास ते कळतही नाही.

संत पौलाचे रोमकरांस पत्र तेर्तियुसने लिहून घेतले आणि त्यातच आपलाही नमस्कार कळविला. पत्र कोणास जात आहे, हे त्याला ठाऊक होते. यंत्रास ते ठाऊक नसते. म्हणून सावकाश, स्पष्ट बोलावे, विरामचिन्हे तपासावीत, आणि पत्र धाडण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचावे. पुष्कळ वेळा आवाज दूरच्या संगणकाकडे जातो, यास्तव पेढीचे गुप्त क्रमांक त्यास सांगू नयेत.

लिहिण्याचे कष्ट यंत्राने उचलले आहेत. अर्थ जाणूनच अक्षर राहू द्यावे, ही व्यासांची अट आता बोलणाऱ्यानेच पाळावयाची आहे.