द्राक्षांच्या खोऱ्यातील पाहुणचार

अन्न वाढणे आणि अन्न विकणे या दोन क्रियांत आपल्याकडे परंपरेने फार मोठे अंतर मानले गेले. दारी आलेल्या अतिथीला पानावर बसवून आग्रहाने वाढावयाचे, हा गृहस्थाचा धर्म. पैसे घेऊन जेवू घालावयाचे, हा खानावळीचा व्यवसाय. परंतु जगात अशीही काही ठिकाणे आहेत, की जेथे व्यवसाय या धर्माचा वेष धारण करतो. तेथे आलेल्या माणसाला गिऱ्हाईक म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात. तेथे पैशाचा उच्चार होत नाही. तो चामड्याच्या पाकिटात दडवून टेबलावर ठेवला जातो. अशा ठिकाणी एखाद्याच्या पदरी निराशा आली, तर ती केवळ पैशांची हानी नसते. पाहुणा म्हणून बोलावलेल्या माणसाला पंगतीत विसरावे, तसा तो प्रकार असतो.

अशा भोजनगृहांची गर्दी जेथे झाली आहे, असा एक प्रदेश म्हणजे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे नापा खोरे. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, दोन डोंगररांगांच्या मध्ये, सुमारे 48 किलोमीटर लांबीची ही चिंचोळी पट्टी पसरली आहे. सकाळी उपसागरावरून धुके आत येते, दुपारी ऊन तापते आणि रात्री पुन्हा गारवा पडतो. द्राक्षाला हे हवामान मानवते. 1861 साली चार्ल्स क्रुग याने येथे वाइनचा कारखाना काढला. पुढे वेलींची मुळे खाणाऱ्या किडीने मळे उजाड केले आणि 1920 ते 1933 या काळातील दारूबंदीने उरलेसुरले कारखानेही बहुतेक बंद पाडले. 1966 मध्ये रॉबर्ट माँडावी याने ओकव्हिल येथे नवा कारखाना उभारला. 1968 मध्ये खोऱ्यातील शेतजमीन घरबांधणीपासून राखून ठेवण्याचा निर्णय झाला. आणि 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटलीवरील नाव न पाहता वाइन चाखल्या, तेव्हा पांढऱ्या आणि तांबड्या या दोन्ही प्रकारांत नापाच्या वाइनला पहिला क्रमांक मिळाला. त्या एका दिवसाने या खोऱ्याचे नाव जगभर झाले.

नावामागोमाग प्रवासी आले, आणि प्रवाशांमागोमाग भोजनगृहे. त्यांतील काही खरोखरच असामान्य आहेत. तथापि, कीर्ती ही सर्वांना वाटून घेता येते. कसब तसे वाटून घेता येत नाही. कीर्तिमान गावात उघडलेले प्रत्येक भोजनगृह त्या कीर्तीचा दर लावते. त्या दराला साजेसे जेवण आणि अगत्य मात्र प्रत्येक ठिकाणी मिळेलच, असे नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एका कुटुंबाची कल्पना करावी. आईवडील भारतातून आलेले आहेत; वडील निवृत्त शिक्षक. त्यांच्या विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण झाली, म्हणून मुलाने नापा खोऱ्यातील एका नामांकित भोजनगृहात दोन महिने आधी जागा राखून ठेवली. नाटकाच्या तिकिटाप्रमाणे या जेवणाचे पैसेही आगाऊ भरावे लागले. दरडोई काही शे डॉलर. आई शाकाहारी आहे, हे त्याने त्याच वेळी लेखी कळविले. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढीत आलेल्या आईला एक संध्याकाळ कोणी तरी सन्मानाने वाढावे, एवढीच त्याची इच्छा.

दोन तासांचा प्रवास करून मंडळी वेळेवर पोहोचली. वीस मिनिटे दारातच उभे राहावे लागले. मग मिळालेली जागा स्वयंपाकघराच्या झुलत्या दारालगतची. वाढप्याने पहिल्या पदार्थाचे वर्णन पाठ म्हणावे तसे म्हटले. कोणता मळा, कोणता शेतकरी, कोणते मीठ. म्हणताना त्याची दृष्टी पलीकडच्या टेबलावर होती. दुसऱ्या पदार्थाच्या वेळी आईच्या पुढे बदकाचे मांस आले. चूक सांगितल्यावर ताट परत गेले आणि पंचवीस मिनिटांनी त्या जागी उकडलेली गाजरे आली. तोवर वडिलांनी आपल्या पानाला हात लावला नव्हता. त्यांचे अन्न निवून गेले.

मुलाने त्याच खोऱ्यातील तांबडी वाइन मागविली होती. दुकानात मिळते तिच्या जवळजवळ तिप्पट किमतीला ती येथे मिळत होती, आणि तिचा मळा तर खिडकीतून दिसत होता. बुचातील दोषामुळे कधी कधी वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो. तो ओळखता यावा, म्हणूनच प्रथम घोटभर वाइन पाहुण्याच्या पेल्यात ओतण्याची चाल आहे. वास आल्याचे मुलाने सांगितले. वाढप्याने “या वाइनचा स्वभावच तसा आहे” असे म्हणून पेला भरला. चाल पाळली गेली. तिचा हेतू मात्र हरवला.

“आई, मी व्यवस्थापकाला बोलावतो,” मुलगा म्हणाला.

“राहू दे रे. मला तशी भूकच नव्हती,” आई म्हणाली.

मराठी घरात वाढलेल्या कोणालाही या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ते वाक्य भुकेविषयी नसते. मुलाला वाईट वाटू नये, म्हणून ते उच्चारलेले असते.

व्यवस्थापक आला. त्याने हसतमुखाने खेद व्यक्त केला, आणि भरपाई म्हणून आईवडिलांपुढे गोड वाइनचे दोन पेले पाठविले. संपूर्ण संध्याकाळभर त्या दोघांनी पाण्याखेरीज काही घेतले नव्हते, ही गोष्ट कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. सेवेचा वीस टक्के आकार बिलात आधीच धरलेला होता. रात्री साडेअकराला घरी पोहोचल्यावर आईने मुगाच्या खिचडीचा कुकर लावला, आणि तिघांनीही पोटभर खाल्ले.

या प्रसंगात नेमके काय बिघडले? अन्न बेचव होते, असे म्हणता येणार नाही. बदक कदाचित उत्तमही असेल. बिघडले ते लक्ष. पदार्थाकडे सर्वांचे लक्ष होते. माणसाकडे कोणाचेच नव्हते.

याची कारणे त्या खोऱ्याच्या रचनेतही आहेत. येथे येणारा बहुसंख्य पाहुणा हा एकदाच येणारा प्रवासी असतो. गल्लीतील खानावळीचा मालक रुसलेले गिऱ्हाईक उद्या येणार नाही, या धास्तीने दक्ष राहतो. ती धास्ती येथे उरत नाही. दुसरे असे, की शेतजमीन राखली गेली, हे उत्तमच झाले. परंतु घरे थोडी आणि महाग झाली. वाढणारे, भांडी घासणारे, भाजी चिरणारे यांतील अनेकांना खोऱ्यात राहणे परवडत नाही. ते दूरच्या गावांहून रोज ये-जा करतात. 2017 आणि 2020 सालच्या वणव्यांनी ही ओढाताण अधिकच वाढविली. त्या वाढप्याची दृष्टी पलीकडच्या टेबलावर होती, ती कदाचित दोघांचे काम एकट्याच्या अंगावर पडल्यामुळेही असेल. म्हणून त्याच्यावर एकट्यावर राग काढणे न्यायाचे होणार नाही. ज्याने दर ठरविला, त्यानेच तो दर पेलण्याइतकी माणसे ठेवावयास हवी होती.

तिसरे कारण मानसन्मानाचे आहे. मोटारीचे टायर बनविणाऱ्या मिशलॅं कंपनीने 1900 साली फ्रान्समध्ये प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका काढली आणि 1926 पासून तीत उत्तम भोजनगृहांना तारका देण्यास प्रारंभ केला. आज जगभरचे आचारी या तारकांसाठी जिवाचे रान करतात. परंतु या तारका केवळ ताटातील अन्नासाठी असतात. सजावट आणि सेवा त्यांत मोजली जात नाही, असे ती मार्गदर्शिकाच सांगते. जे मोजले जाते, त्याची जोपासना होते. जे मोजले जात नाही, ते मालकाच्या मनावर सोडलेले असते.

मग पाहुण्याने काय करावे? मुकाट्याने पैसे देऊन घरी येणे हा सभ्यपणा वाटतो खरा. पण त्याने पुढच्या पाहुण्याचे अहित होते. आरडाओरडा केला, तर बिचाऱ्या वाढप्याचे अहित होते. त्या शिक्षकाने दुसऱ्या दिवशी मुलाला जे सुचविले, ते यांहून बरे. “चांगले काय होते, ते आधी लिही,” ते म्हणाले, “मग चुका लिही, आणि प्रत्येक चुकीपुढे काय व्हायला हवे होते तेही लिही. नुसत्या लाल रेघा मारून कोणी सुधारत नाही.” पत्रात पावाची आणि ताज्या लोण्याची स्तुती होती, कारण ती खरी होती. पुढे तीनच गोष्टी होत्या: लेखी कळविलेले विसरले गेले, वास आलेली वाइन परत घेतली गेली नाही, आणि न पिणाऱ्यांना वाइन पाठविली गेली. पैसे परत मागितले नव्हते.

‘रेस्टॉरंट’ हा शब्द मूळचा फ्रेंच. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये अशक्त माणसाला तरतरी आणणाऱ्या कढणाला हे नाव होते. पुढे ते कढण जेथे मिळे, त्या जागेलाही तेच नाव पडले. थकून आलेला माणूस उठताना ताजातवाना होऊन उठावा, एवढाच त्या शब्दाचा करार आहे. द्राक्षवेलींच्या कुशीतील दिव्यांनी उजळलेल्या दालनालाही तो लागू आहे, आणि रस्त्याकडेच्या खानावळीलाही. त्या रात्री तो करार पाळला गेला, तो सुमारे दीडशे किलोमीटर दूर, एका लहानशा स्वयंपाकघरात. आणि चाळिसाव्या वाढदिवशीही तो पाळावा लागला, तो आईलाच.