वहीतला वाद्यमेळ



कवीला आपली कविता स्वतःच्या कंठाने म्हणून पाहता येते. चित्रकाराचे चित्र रंगवता रंगवताच त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु वाद्यवृंदासाठी रचना करणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याने दहा वाद्यांसाठी लिहिलेली रचना दहा वादक एकत्र बसून वाजवीत नाहीत, तोपर्यंत ती केवळ शाई असते. नवख्या रचनाकाराला हे दहा वादक कोण देणार, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि तो मी मुंबईच्या एखाद्या सभागृहातून नव्हे, तर महाड-पोलादपूरच्या बाजूने मांडणार आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी महाड पाहिले असेल ते रायगडाच्या वाटेवर किंवा चवदार तळ्याच्या काठी. पोलादपूर पाहिले असेल ते महाबळेश्वरचा घाट चढण्यापूर्वी चहाला थांबताना. तेथे वाद्यवृंदाचा प्रश्न कोठून आला, असे तुम्हांस वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर महाशिवरात्रीच्या सुमारास महाडच्या श्रीवीरेश्वराच्या छबिन्याला मिळते. गावोगावच्या पालख्या येतात, उंच सासणकाठ्या नाचतात, आणि त्यांच्याबरोबर येतो तो कोकणचा खालूबाजा. सनईचा स्वर वर, ढोलांचा घोष खाली, आणि मध्ये लहान तालवाद्यांची लगबग. हे वादक एकमेकांच्या खांद्याच्या हालचालीवरून लय ओळखतात. कागद कोणापुढेही नसतो. चाली बापाकडून मुलाकडे आलेल्या असतात. हा वाद्यवृंद नव्हे, असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

येथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. ऐन उमेदीत मी सावित्री नदीवर एक रचना लिहिली. दोन सनया, तीन ढोल, टिमकी, दोन व्हायोलिने, बासरी आणि पेटी, अशी दहा वाद्ये. आठ मिनिटांचा कार्यक्रम. वहीत ती मला फार सुंदर दिसत असे. पोलादपूरकडच्या एका समारंभाच्या निमित्ताने ती वाजवून पाहण्याची संधी मिळाली. पहिल्याच तालमीत व्हायोलिनांची सारी नाजूक वळणे ढोलांनी गिळून टाकली. कागदावर दोन्ही ओळी सारख्याच जाडीच्या होत्या. मांडवात एक होती आणि दुसरी नव्हतीच. मग वयोवृद्ध सनईवाल्यांनी सनई खाली ठेवली आणि शांतपणे विचारले, ‘‘मास्तर, ह्यात आमचा दम कुठं धरलाय?’’ मी त्यांना सलग इतक्या ओळी दिल्या होत्या की श्वास घेण्यास जागाच नव्हती. तेच पुढे म्हणाले, ‘‘ढोल मांडवाच्या भायेर उभे करा, नि दुसऱ्या सनईला आमच्या मागनं येऊ द्या.’’ तसे केले, आणि नदी वाहू लागली. वहीने जे वर्षभरात शिकविले नव्हते, ते त्या एका दुपारने शिकविले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, नव्या रचनाकाराला सर्वांत आधी बक्षीस नको, हार नको आणि वर्तमानपत्रातील स्तुतीही नको; त्याला तालीम हवी. चूक कानांवर आदळेल आणि दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त करून पुन्हा ऐकता येईल, अशी तालीम. युरोपातील हायडन हा थोर रचनाकार १७६१ साली एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत गेला, आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्याच्या हाताशी एक वाद्यवृंद होता. सकाळी लिहावे, वादकांकडून वाजवून घ्यावे, बिघडले ते बदलावे, असा त्याचा क्रम. त्याची प्रतिभा ईश्वरदत्त असेल. पण तिला धार आली ती या सोयीने.

यासाठी राजवाडाच हवा असे मात्र नाही. मध्य भारतातील मैहर हे लहानसे संस्थान. तेथे १९१८ च्या साथीनंतर उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी अनाथ मुलांना एकत्र करून ‘मैहर बँड’ उभा केला. बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांनी नलतरंग नावाचे वाद्य बनविले. त्या मुलांना स्वरांची ओळख खाँसाहेबांनीच करून दिली, आणि खाँसाहेबांच्या रचनांना त्या मुलांनी आवाज दिला. महाड काही मैहरहून दुर्बल नाही.

रचना वेळेवर ऐकली गेली नाही तर काय होते, याचे उदाहरण आपल्या मराठी संगीताच्या इतिहासातच आहे. १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघात भारताच्या राष्ट्रगीताची मागणी झाली, तेव्हा आपल्या प्रतिनिधींपाशी ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती. तेथील वाद्यवृंदाने तिच्यावरून ते गीत बसविले, आणि ते सर्वांना पसंत पडले. पंडित नेहरूंनी ऑगस्ट १९४८ मध्ये संविधान सभेत ही हकीकत सांगितली, तेव्हा ‘वंदे मातरम्’ची चाल वाद्यवृंदाला सहज साधण्यासारखी नाही, असाही आक्षेप त्यांनी नोंदविला. आपले मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर हा आक्षेप खोडून काढण्यासाठी जिवाचे रान करीत होते. बँडवर वाजेल अशी चाल त्यांनी बांधली आणि ती वाजवून दाखविली. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय झाला, त्यामागे इतरही कारणे होती, हे मान्य. तथापि एक चाल जगापुढे वाजून गेली होती आणि दुसरीला आपण वाजू शकतो हे सिद्ध करीत फिरावे लागले, एवढे खरे.

मुंबईतील उदाहरण अँथनी गोन्साल्विस यांचे. गोव्यातील माजोर्डे गावी १९२७ साली त्यांचा जन्म झाला. चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवून आणि वाद्यरचना करून ते पोट भरीत. मनात मात्र भारतीय रागांवर वाद्यवृंदाच्या मोठ्या रचना कराव्यात अशी ओढ. त्या वाजविणार कोण? अखेरीस १९५८ साली त्यांनी स्वतःच शंभराहून अधिक वादकांचा मेळ जमविला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात आपल्या रचना ऐकविल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. ही जिद्द वंदनीय खरीच. परंतु प्रत्येक तरुणाने आधी वाद्यवृंद उभारावा आणि मग रचना ऐकावी, हा काही समाजाचा रिवाज होऊ शकत नाही. पुढे गोन्साल्विस अमेरिकेस गेले. सामान्य रसिकाला आज त्यांचे नाव आठवते ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी संगीत दिलेल्या १९७७ च्या एका चित्रपटगीतामुळे. त्यांच्या रचना किती जणांच्या कानी पडल्या असतील?

त्यानंतर संस्था निर्माण झाल्या नाहीत असे नाही. नभोवाणीने १९५२ साली दिल्लीस वाद्यवृंद स्थापन केला आणि पंडित रविशंकरांसारख्यांना त्यासाठी लिहिण्याची संधी दिली. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात २००६ साली ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा राहिला; २०१५ साली त्याने उस्ताद झाकिर हुसेन यांची तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना सादर केली. या गोष्टी अभिमानास्पद आहेत. परंतु झाकिरभाईंना दार उघडणे सोपे होते. ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही त्याच्यासाठी ते कोण उघडणार? शंभर वादकांची एक तालीम म्हणजे शंभर माणसांचा वेळ आणि मेहनताना. त्यामुळे व्यवस्थापक ओळखीच्या नावाकडे वळतात, यात त्यांचा दोष फारसा नाही.

आजचे तरुण म्हणतील की, संगणकावर सारी वाद्ये वाजवून पाहता येतात. येतात खरी, आणि गरिबाला ती सोय मोठीच आहे. पण संगणकातील सनईला दम लागत नाही, आणि संगणकातील ढोल मांडवाबाहेर उभा करता येत नाही. तो तुमच्या चुका निमूटपणे वाजवितो. ‘‘मास्तर, ह्यात आमचा दम कुठं धरलाय?’’ असे विचारीत नाही.

तेव्हा माझे मागणे थोडे आहे, आणि ते शंभर वादकांचे नाही. महाड-पोलादपूरसारख्या प्रत्येक तालुक्यात वर्षातून एक दिवस नव्या रचनांच्या वाचनासाठी राखावा. शाळेचे सभागृह सुटीच्या दिवशी मोकळे असते. छबिन्याचे वादक आहेत, बँडवाले आहेत, पेटी-तबला वाजविणारे शिक्षक आहेत. दहा-बारा जणांना एका दिवसाचा मेहनताना द्यावा. तो फुकटात मागू नये, कारण त्यांचा तो व्यवसाय आहे. ज्याला स्वरलेखन येते त्याने कागद आणावा, ज्याला येत नाही त्याने गाऊन सांगावे. रचना दोनदा वाजवावी. एकदा जशी लिहिली तशी, आणि दुपारी वादकांच्या सूचना ऐकून दुरुस्त केल्यावर. श्रोत्यांनी दोन्ही वेळा बसावे. आणि त्यांतील एखादी रचना उभी राहिली, तर मोठ्या शहरांतील वाद्यवृंदांनी वर्षातून एक तालीम तरी अशा रचनेसाठी काढून ठेवावी. सादर करू, असे वचन नको. एकदा वाजवून पाहू, एवढेच पुरे.

ते सनईवाले आता हयात नाहीत. माझ्या वहीच्या समासात त्यांच्या सांगण्यावरून केलेल्या श्वासाच्या खुणा तेवढ्या आहेत. शाई निळी होती, खुणा पेन्सिलीच्या आहेत. माझ्या साऱ्या रचनेत निःसंशय बरोबर असे काही असेल, तर त्या खुणाच. आज सावित्रीच्या खोऱ्यात एखादी मुलगी वहीत दहा वाद्ये लिहीत बसली असेल. तिच्या समासात पेन्सिल चालविणारा कोणी भेटावा, इतकेच माझे म्हणणे आहे.