सौर पंप आला, आता विहिरीचा हिशोब

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज सौर पंपाबद्दल बोलू.

रातची लाइन आपण सगळ्यांनी भोगली आहे. घरचा माणूस रात्री दोनला मोटर सुरू करायला वावरात जायचा. तो परत येईपर्यंत आपला डोळा लागायचा नाही. सापाची भीती, रानडुकराची भीती, ओल्या हातानं स्टार्टर धरायची भीती. २०१९ मध्ये केंद्राची पीएम-कुसुम योजना आली, पुढे राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली. यात शेतकऱ्यानं किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी आणि त्यावर साडेसात एचपीचा पंप मिळतो. दुरुस्तीची हमी पाच वर्षं.

आमच्याकडे पंप बसला तेव्हा मी पेढे वाटले. बिल नाही, जागरण नाही. ऊन आहे ना, मग चालू दे, असं म्हणत दिवसभर पंप चालवला. हरभरा सोडून गहू पेरला. जानेवारी संपता संपता विहिरीचा तळ दिसला आणि गहू दाणे भरायच्या वेळी वाळला.

आमच्या खालच्या अंगाला गटातल्याच एका काकूंचं वावर आहे. गटाच्या बैठकीत त्या हळूच म्हणाल्या, “ताई, तुमची मोटर बंद झाली की माझ्या विहिरीत पाणी चढतं.” मी खाली मान घातली. आमचा गहू आमच्या चुकीनं गेला, त्यांचा हरभरा मात्र त्यांची काहीच चूक नसताना गेला. जमिनीखालच्या पाण्याला धुरा नसतो, बायांनो.

पंप वाईट नाही. विजेचं बिल आणि लाइनची वेळ आपल्याला आपोआप आवर घालायची. आता तो आवर आपणच घालायचा आहे.

गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौर पंपांची सहकारी मंडळी केली. पिकाला पाणी देऊन उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले. विजेचे पैसे येतात म्हटल्यावर उगाच पाणी उपसावंसं कोणाला वाटेल? आपले पंप तसे लाइनला जोडलेले नाहीत. पण योग्य कंट्रोलर असेल तर त्याच उन्हावर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालते. त्याची चौकशी पंप बसवण्याआधीच करा. मागाहून स्वतः वायरी जोडू नका.

आमच्या गटानं आता काय ठरवलं, ते सांगते. दर सोमवारी सकाळी, पंप सुरू करायच्या आधी, फुटाफुटावर गाठी मारलेला दोर विहिरीत सोडायचा. पाणी किती गाठींवर आहे ते गटाच्या वहीत लिहायचं, बचतीचा हिशोब लिहितो तसं. दिवाळीनंतर वही पाहून रब्बीचं पीक ठरवायचं. गव्हाला पाच-सहा पाणी लागतात. हरभऱ्याचं दोन पाण्यांत भागतं, एक फांद्या फुटताना आणि एक घाटे भरताना. तेही दांडानं न देता तुषारनं द्यायचं. शेजारच्या विहिरींवर पंप एकाच दिवशी चालवायचे नाहीत, पाळी लावायची.

यंदा काकूंच्या विहिरीचं पाणीही आमच्याच वहीत लिहिलं जातं. सोमवारी दोर त्याच सोडतात आणि गाठी मी मोजते.

मैत्रिणींनो, ऊन उद्या परत येईल. उपसलेलं पाणी मात्र पुढच्या पावसाळ्याशिवाय परत येत नाही. पुढच्या बैठकीला येताना एक दोर घेऊन या.