विजेच्या हिशेबाची वही



गणेशोत्सव झाला की मंडळाचा जमाखर्च फलकावर लागतो. वर्गणी किती आली, मांडवाला किती गेले, हे कोणीही वाचावे आणि विचारावे. त्यात कार्यकर्त्यांचा अपमान नसतो, उलट विश्वास वाढतो. विजेच्या नियोजनाचा हिशेबही असाच उघडा असावा, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे.

आम्ही राज्य सरकारच्या नोकरीतले, डिप्लोमा केलेले. पुढच्या दहा-वीस वर्षांत वीज किती लागेल, ती कोळशापासून घ्यावी की सूर्यापासून, हे ठरवण्यासाठी संगणकावर जे गणित मांडतात, त्याला मॉडेल म्हणतात. कारखाने किती वाढतील, कोळसा काय भावाने मिळेल, ही गृहीतके त्यात माणसेच घालतात. गृहीतक बदलले की उत्तर बदलते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 18व्या सर्वेक्षणात 2016-17 साठी देशाची कमाल मागणी सुमारे 2 लाख मेगावॅट धरली होती. प्रत्यक्षात ती 1 लाख 60 हजारांच्या आसपास राहिली. अंदाज चुकू शकतो. अहवाल सर्वांसमोर होता, म्हणूनच आज हा ताळा करता येतो. पण चुकीची किंमत मोठी असते. दीर्घ मुदतीच्या करारात प्रकल्प तयार असला, की वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावा लागतो. तो शेवटी आपल्याच बिलात येतो. म्हणून करारावर सही होण्याआधी गृहीतके लोकांना दिसली पाहिजेत.

हे अशक्य नाही. 2014 मध्ये योजना आयोगाने 2047 पर्यंतच्या ऊर्जेचे गणित सर्वांसाठी खुले केले. आकडे बदलून परिणाम कोणालाही पाहता येत होता.

‘सामान्य माणसाला यातले काय कळते?’ असे काही जण म्हणतात. आपल्याच समाजात निवृत्त अभियंते, हिशेबनीस, गणिताचे शिक्षक आहेत. शिवाय 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 64 प्रमाणे दरवाढीचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोग निर्णय देतो. तो अधिकार आपण वापरत नाही.

पुढच्या वेळी वर्तमानपत्रात अशी जाहीर सूचना दिसली, तर पान उलटू नका. चार जणांनी मिळून अर्ज वाचा आणि एकच प्रश्न लेखी विचारा: मागणीचा हा आकडा कशावरून धरला?

गणपती बाप्पा मोरया!