पायाखालचे लाकूड

घर बांधताना माणूस भिंतीच्या रंगाचा विचार करतो, दाराच्या नक्षीचा करतो. जमिनीची पाळी शेवटी येते आणि तोवर खिसा हलका झालेला असतो. पण घरात आपले पाय टेकतात ते जमिनीलाच. म्हणून आज जमिनीविषयी, त्यातही लाकडी जमिनीविषयी बोलणार आहे.

आपल्या मराठवाड्यात लाकूड डोक्यावर असे, पायाखाली नसे. माळवदाच्या घरात सागाचे खांब, तुळया, त्यांवर किलच आणि वर पांढरी माती. खाली मात्र शेणाने सारवलेली भुई. ऐपत असलेल्यांकडे शहाबादी फरशी. शहाबाद आणि परभणी 1948 पर्यंत एकाच निजामी राज्यात होते, तेव्हा ती फरशी आपल्याला परकी नव्हती. लाकूड अंगाला लागे ते जेवायच्या पाटावर नाहीतर झोपाळ्यावर. पुढे 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरचे जड माळवद यांखाली झोपेतली माणसे गाडली गेली. माळवदाची धास्ती बसली. सिमेंटचे स्लॅब वाढले, खाली कोटा आला आणि मग मोरबीच्या चकचकीत टाइल्स आल्या.

या चकचकीत टाइल्समुळेच हा विषय आमच्या घरात आला. आई ब्याऐंशी वर्षांची. ओल्या पायाने घसरली आणि मनगट मोडले. खुबा वाचला, हे नशीब. पुण्यात नोकरी करणारा पुतण्या तेव्हा पालमला घर बांधत होता. म्हणाला, ‘‘काका, आजीच्या खोलीत लाकडी जमीन करू.’’ बांधकामांवर देखरेख करण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे निवडीचे काम माझ्याकडे आले.

बाजारात ‘लाकडी’ म्हणून तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली अखंड लाकडाची फळी. ती पावसाळ्यात आडवी फुगते, उन्हाळ्यात आकसते. आपल्याकडे मे महिन्यात हवा ठणठणीत कोरडी आणि ऑगस्टमध्ये दमट, म्हणजे तिला वर्षभर चैन नाही. दुसरी लॅमिनेट. तिच्यात दाबलेल्या भुश्श्याच्या पाटीवर लाकडाचे चित्र चिकटवलेले असते. स्वस्त असते, पण साधी पाटी पाणी प्यायली की कडा फुगतात. तिसरी इंजिनिअर्ड वुड. वर खऱ्या सागाचा किंवा ओकचा पातळ थर आणि खाली बहुधा प्लायवूड. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात. एक थर पसरू लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. म्हणून ही फळी अखंड फळीपेक्षा कमी हलते.

ती घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. वरचा थर किती जाड? अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर एकदा ओरखडला की संपला. तीन-चार मिलिमीटरचा असेल तर पुढे एखाद-दोन वेळा घासून पुन्हा पॉलिश करता येतो. दुसरा प्रश्न, खालचे प्लाय आणि डिंक ओलाव्याला टिकणारे आहेत का? आम्ही चकाकी नसलेली, मंद पृष्ठाची फळी घेतली. चकचकीत पॉलिश केले तर लाकूडही घसरते.

खरा शत्रू मात्र फळीच्या खाली असतो. पालमची जमीन काळी. पाऊस पडला की फुगते, उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जोत्यात तीच काळी माती भरली तर वरची फरशी उचलणारच. म्हणून पाया मुरमापर्यंत नेला, जोत्यात मुरूम भरून पाणी मारून धुमसला, दगडी सोलिंग केले आणि त्यावर काँक्रीट टाकले. वाळवीचे औषध भराव करतानाच मारून घेतले. नंतर ते काम अवघड आणि खर्चाचे होते.

दसऱ्याला वास्तुशांती ठरली होती. पंधरा दिवस आधी मी त्या खोलीत मीटरभर चौरस प्लॅस्टिक अंथरून चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दुसऱ्या दिवशी आतून पाण्याचे थेंब! कारागीर तयार होता, माल आलेला होता, पाहुण्यांना आमंत्रणे गेली होती. पुतण्या म्हणाला, ‘‘वरून तर कोरडे दिसते. घालून टाकू.’’ मी नाही म्हणालो. दोघांत शब्दाला शब्द झाला. शेवटी आईच बोलली, ‘‘भिंत वाळल्याबिगर पोतारा धरत नाही रे, हे तर लाकूड.’’ वास्तुशांती ठरल्या दिवशी झाली. आजीच्या खोलीत उघडे काँक्रीट होते, एवढेच. दिवाळीनंतर पुन्हा प्लॅस्टिक लावले, ते कोरडे निघाले आणि मग काम सुरू झाले.

जुन्या सुतारांना हे ठाऊक होते. माळवदाचा खांब ते कधी भुईत रोवत नसत. खाली दगडी तळखडा देत. लाकूड आणि ओल यांची गाठ पडू द्यायची नाही, हाच त्यातला नियम.

बसवण्याची रीत अशी. गठ्ठे दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवावेत. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवली तर तिच्याखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. आधी जाड पॉलिथीन, त्यावर फोमचा पातळ थर आणि त्यावर खाचेत खाच बसवून फळ्या. शेजारच्या रांगांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत. भिंतीलगत चारी बाजूंनी सुमारे दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ही जागा नसली तर पावसाळ्यात खोलीच्या मध्ये फळ्या वर उचलतात. न्हाणीत आणि तिच्या दाराशी मात्र खरबरीत टाइलच हवी. लाकडावर ओले फडके फिरवायचे नाही, घट्ट पिळलेले चालेल.

आता खर्चाचे बोलू. ही जमीन कोट्याच्या फरशीपेक्षा कितीतरी महाग पडते. आम्ही ती एकाच खोलीत केली. बाकी घरात साधा कोटा आहे. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी कुणी कर्ज काढून लाकूड अंथरू नये. लाकूड दगडापेक्षा थोडे मऊ आहे, पण ते गादी नव्हे. घरात म्हातारे माणूस असेल तर आधी न्हाणीत धरायला दांडा लावा, रात्री जाण्यायेण्याच्या वाटेवर दिवा ठेवा, खरबरीत फरशी घाला. एवढे थोड्या पैशांत होते. त्यानंतर पैसे उरले आणि हौस असली तर लाकूड जरूर घाला. फक्त मुहूर्त पंचांगात पाहण्याआधी जमीन वाळली आहे का, ते पाहा.